डाव्या हाताचा फोटो

“ह्या हाताचा नगं काढूस,” गजराबाई म्हणाल्या आणि त्यांनी डावा हात पदराखाली घेतला. “ह्यो घे उजवा. ह्याच्यावर समदं हाय. तुळस हाय, विंचू हाय, पाळणा हाय. पाहिजे तितकं काढ.”

भर दुपार होती. माण तालुक्यातल्या खोकडवाडीत, त्यांच्या घरापुढच्या अंगणात लिंबाची चांगली गार सावली पडली होती, पण मी मुद्दाम त्यांना सावलीबाहेर बसवलं होतं. माझ्या कॅमेऱ्याला ऊन लागायचं. सत्तरीच्या बाईनं त्याबद्दल कुरकुर केली नाही. बुडाखाली गोणपाट घेतलं, उजवा हात गुडघ्यावर पसरला आणि माझ्याकडे बघत बसल्या.

“डाव्या हाताला काय झालंय?” मी विचारलं.

“बिब्बा उतलाय. लई वर्सं झाली. नुसतं काळं पडलंय, त्यात काय बघायचंय.”

तो हात मी आलो तेव्हाच पाहिला होता. मनगटाच्या चार बोटं वर, हाताच्या आतल्या अंगाला एक काळाकुट्ट चट्टा होता. कडेनं कातडी सुरकुतून गोळा झाली होती. म्हाताऱ्या बायकांना अशा डागांची लाज वाटते हे मला ठाऊक होतं. लग्नामुंजीचे फोटो काढण्यात माझी वीस वर्षं गेली होती. कुणाला कुठली बाजू लपवायची असते ते मला न सांगता कळायचं.

साताऱ्यात माझा स्टुडिओ होता. माझी बायको वासंती काउंटर सांभाळायची आणि मी फोटो काढायचो. पोटापाण्याचं ठीक चाललं होतं, पण आपण कलावंत आहोत अशी एक खुमखुमी मला पहिल्यापासून होती. त्या वर्षी मी पुण्याच्या एका कारागिराकडून माझा जुना डिजिटल कॅमेरा उघडून घेतला होता. कॅमेऱ्याच्या आत एक काच बसवलेली असते. आपल्या डोळ्यांना न दिसणारा जो अवरक्त प्रकाश असतो, इन्फ्रारेड म्हणतात तो, तो ही काच अडवते. ती काढून त्या जागी अशी काच बसवली की जी फक्त तेवढाच प्रकाश आत सोडेल, तर मग कॅमेरा जे बघतो ते आपण कधी बघितलेलं नसतं. हिरवी झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसतात. निळं आभाळ काळं पडतं. कास पठाराखालच्या जंगलाचे असे फोटो मी काढले तेव्हा माझ्याच दुकानात लोक थबकून बघायचे.

हळूहळू कळत गेलं की हा कॅमेरा नुसता झाडं पांढरी करत नाही, तो डागाखालचंही बघतो. खोकडवाडीच्या शाळेतले शिक्षक निवृत्ती खरात माझे जुने मित्र. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांनी मरायच्या आधी आठ दिवस लिहिलेलं एक पोस्टकार्ड होतं. मजकूर पेन्सिलीनं लिहिलेला आणि त्याच्यावर शाईची दौत सांडलेली. खरात मास्तर लहानपणापासून त्या निळ्या डागाकडे बघत आले होते. मी ते कार्ड उन्हात ठेवून फोटो काढला. माझ्या कॅमेऱ्याला शाई दिसेना आणि पेन्सिलीची अक्षरं उठून दिसायला लागली. “निवृत्तीस शाळेतून काढू नये,” असं शेवटच्या ओळीत होतं. मास्तर शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या वर्गांसमोर रडले.

ही गोष्ट गावभर झाली. त्यामुळे पुढच्या वेळी मी गोंदणाचे फोटो काढायला खोकडवाडीत गेलो तेव्हा मला कुठलंच दार बंद नव्हतं.

गोंदणाची कल्पना मास्तरांचीच. जुन्या बायकांच्या हातावरचं गोंदण वयानं आणि उन्हानं पुसट होतं, कातडीत हिरवट ढगासारखं पसरतं. काय होतं ते त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. माझ्या कॅमेऱ्याला मात्र कातडीचा सावळा रंग जाणवतच नाही. त्याला हात दिसतो तो मेणासारखा पांढरा, आणि काजळीनं टोचलेली रेघ दिसते ती काळीभोर. मी मागच्या पडद्यावर फोटो दाखवला की म्हाताऱ्या खूश व्हायच्या. “आत्ता गं, माझी मासोळी,” असं एकीनं म्हटलं होतं, हरवलेलं जनावर घरी यावं तशा आवाजात.

तर गजराबाईंचा उजवा हात मी काढला. तुळस आली, विंचू आला, पाळण्याच्या दोऱ्यासुद्धा आल्या. सुंदर फोटो होते. मी त्यांना दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या आईनं गोंदवून घेतलंतं. ती म्हणायची, मेल्यावर एवढंच संगं येतं.”

ओसरीवर त्यांचे यजमान तात्या बसले होते. उंच, हडकुळे, पंच्याहत्तरीच्या पुढचे. कानांनी कमी ऐकायचे. ते मधूनमधून आमच्याकडे बघून हसायचे. गजराबाईंनी आत जाऊन चहा आणला. आधी तात्यांना दिला, त्यांच्या बोटांना कप नीट धरवला, मग माझ्याकडे आल्या. मी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवला होता.

पुढचं मी सरळ सांगतो. त्यांचे दोन्ही हात कामात होते. उजव्या हातात किटली होती आणि डाव्या हातानं त्या माझ्या कपाखाली बशी धरत होत्या. पदर सरकला होता. चट्टा पुरता उघडा, उन्हात, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी म्हणालो, “थांबा, किटलीचा एक काढतो, छान दिसतेय.” त्या थांबल्या. मी किटलीचा फोटो काढला नाही.

पडद्यावर बघितलं तेव्हा चट्टा गायब होता. बिब्ब्यानं काळी पडलेली कातडी कॅमेऱ्याला दिसलीच नव्हती. तिथे पांढऱ्या हातावर काहीतरी बारीक काळं होतं. मी पडदा हातानं झाकला आणि चहा प्यायलो. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत शेंगा घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तो फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. चार अक्षरं होती. देवनागरी, एका ओळीत, वर रेघ ओढलेली. एका पुरुषाचं नाव. ते इथे लिहायचा मला हक्क नाही. तात्यांचं नाव किसन होतं, आणि हे ते नव्हतं.

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. खुर्चीवरून उठून मी दोन फेऱ्या मारल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून असं काही निघालं होतं की जे दुसऱ्या कुणाकडे नाही. हात कुणाचा आहे, तिनं काय सांगितलं होतं, हे माझ्या मनात आलं. आलं आणि गेलं. चेहरा नाही, नाव देणार नाही, नुसता हात आहे, कोण ओळखतंय, असं मी ठरवून टाकलं.

प्रदर्शन दोन महिन्यांनी साताऱ्यात भरलं. बावीस फोटो होते. मधल्या भिंतीवर एकटा तो हात, तीन फूट उंचीचा. खाली ‘खोकडवाडी, ता. माण’ एवढंच. शेजारच्या भिंतीवर उजव्या हाताच्या फोटोखाली मात्र गजराबाईंचं नाव होतं. दोन्ही हातांच्या मनगटात चांदीचा एकसारखा गोठ होता, हे मला टांगताना दिसलं होतं. लोक मधल्या भिंतीपुढे उभे राहून हळू आवाजात बोलायचे. एका वर्तमानपत्रानं रविवारी तोच फोटो छापला, गावाच्या नावासकट.

गावात गोठ ओळखायला कुणाला वेळ लागला नाही.

मंगळवारी सकाळी गजराबाईंचा मुलगा सोपान दुकानात आला. दूध संघाची गाडी चालवायचा. मी त्याला एकदाच ओझरतं पाहिलं होतं. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्यानं घडी घातलेला पेपर काउंटरवर ठेवला आणि उलगडला. वासंती बिलं लावत होती, ती थांबली.

“हा आमच्या आईचा हात हाय,” तो म्हणाला.

मी पेपरातल्या फोटोकडे बघितलं.

“आईचं आधी एक लगीन झालंतं, हे मला परवा कळलं. बेचाळीस वर्सांचा झालो मी. चावडीवर कळलं. पेपर वाचून दाखवत हुते एकमेकांस्नी.” त्याचा आवाज चढला नव्हता. तो सावकाश बोलत होता, आणि बोलताना त्याची बोटं काउंटरच्या काचेवर पसरलेली होती. “मला एकच विचारायचं हाय. ह्या हाताचा फोटू काढू का, असं तुम्ही आईला विचारलंवतं का?”

त्याच्या हातांकडे बघून मला भीती वाटली. नुसती माराची नाही. काचेपलीकडच्या भिंतीवर माझ्या प्रदर्शनाचं कात्रण लावलेलं होतं, ते खाली येईल याची. वासंतीसमोर काय होईल याची. खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

“हो,” मी म्हणालो. “त्यांना विचारूनच काढला. त्याच काढ म्हणाल्या.”

“आई म्हणाली?”

“हो.”

त्यानं पेपरची घडी घातली. एकदा उलटी पडली म्हणून पुन्हा उलगडून नीट घातली. “मग तुम्हाला काय बोलणार,” असं म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

वासंतीनं बिलांचा गठ्ठा खाली ठेवला. “खरंच विचारलं होतंस?”

“म्हणजे काय.”

“मी विचारतेय.”

मी आतल्या खोलीत गेलो. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि तिला उत्तर मिळालं आहे हे मला समजलं.

दोन दिवस मी फोन वाजला की दचकायचो. तिसऱ्या दिवशी खरात मास्तरांचा आला.

“विद्याधरराव, काळजीचं कारण नाही,” ते म्हणाले, पण आवाजात उभारी नव्हती. “सोपानानं घरात सगळ्यांसमोर आईला विचारलं. मी होतो तिथं, मलाही बोलावून घेतलं होतं. गजराबाई म्हणाल्या, व्हय, मीच म्हटलं काढ म्हणून. एवढंच बोलल्या. सोपान उठून गेला.”

“आणि तात्या?”

“तात्या काय बोलतात. त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं सगळं. ऐकून घेतलं आणि बसले.” मग मास्तरांनी आवाज खाली आणला. “मला एक खरं सांगा. त्या तशा म्हणाल्या होत्या का तुम्हाला?”

“त्यांनी सांगितलंच की तुमच्यासमोर,” मी म्हणालो.

“हां. सांगितलं खरं,” मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

मला सुटल्यासारखं झालं. मी वासंतीला चहा टाकायला सांगितलं. तिनं टाकला, माझ्यापुढे आणून ठेवला आणि स्वतः न पिता निघून गेली.

त्या बाईनं मला का वाचवलं, याचं उत्तर मी माझ्या सोयीनं काढलं. मनातून तिलाही ते नाव उजेडात यायला हवं असेल. फोटो पाहून तिला बरं वाटलं असेल. निदान तिनं मला माफ केलं असेल. कधी एक, कधी दुसरं. पुढे महिन्याभरात ते प्रदर्शन पुण्यात लावायचं निमंत्रण आलं. तो फोटो मी मागे ठेवू शकलो असतो. ठेवला नाही. खालच्या पाटीवरून गावाचं नाव तेवढं काढलं.

पावसाळ्यात मास्तर कामासाठी साताऱ्याला आले तेव्हा दुकानात डोकावले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “तात्या बायकोच्या हातचं जेवत नाहीत.”

मला आधी नीट कळलंच नाही.

“सून वाढते. गजराबाईंनी ताट नेलं की बाजूला सारतात. खाट ओसरीवरून उचलून गोठ्यात नेलीय. एक शब्द बोलत नाहीत तिच्याशी. पंचावन्न वर्षांचा संसार.” मास्तरांनी भिंतीवरच्या कात्रणाकडे पाहिलं. “मी समजावायला गेलो तर मलाच म्हणाले, मास्तर, हे आमचं घरातलं हाय.”

“एवढं काय त्यात,” मी म्हणालो. “पहिलं लग्न झालं होतं, नवरा वारला असेल. तात्यांना माहीत असणारच ना?”

“माहीत असणार,” मास्तर म्हणाले. “तेच मला समजत नाही.”

त्या दिवशी मी जायला हवं होतं. सकाळी सातच्या गाडीनं निघालं तर अकराला खोकडवाडीत पोचता येतं. वासंतीनं मला दोनदा सांगितलं, “जा आणि खरं सांगून ये.” दोन्ही वेळा मी दुकानात ऑर्डरी असल्याचं सांगितलं. ऑर्डरी होत्याही. दिवाळीनंतर मास्तरांचा फोन आला की तात्या गेले. गोठ्यातच, झोपेत. शेवटपर्यंत बायकोशी बोलले नाहीत.

त्यानंतरही तीन महिने मी गेलो नाही. गेलो तो माघात. प्रदर्शनातली ती तीन फुटी प्रत कापून, लहान करून, पिशवीत घेतली होती. संगणकावरचा मूळ फोटो पुसून टाकला होता, आणि हे त्यांना सांगायचं असं ठरवलं होतं. जणू त्यानं काही होणार होतं.

गजराबाई लिंबाखाली शेंगा फोडत बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. सून शेतावर गेली होती आणि सोपान दुधाच्या फेरीवर. तासाभरात येईल, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मला बसायला पोतं सरकवलं. मी बसलो आणि जे ठरवून आणलं होतं ते एका दमात बोललो. तुम्ही नको म्हणाला होता. मी चोरून काढला. सोपानला मी खोटं सांगितलं. माझी चूक झाली.

त्या शेंगा फोडत राहिल्या.

“तुझ्या कॅमेऱ्याला काय दिसतं ते मला ठावं हुतं,” त्या म्हणाल्या. “मास्तरांच्या बाचं कार्ड तू शाईखालनं वाचलंस. समद्या गावानं ऐकलंतं. मग मला समजंना व्हय? म्हणून तर हात झाकला. तुला सांगितलं नगं काढू.”

मला वाटलं होतं त्यांना डागाची लाज वाटते. मी मान खाली घातली.

“अकरा वर्सांची हुते,” त्या म्हणाल्या. “म्हसवडच्या जत्रंत त्येच्या आईनं गोंदवून घेतलं. चार महिन्यांनी हीर खणताना दरड आली अन् त्यो गेला. मला नीट तोंडबी आठवत न्हाय त्येचं. चौदाव्या वर्षी ह्यांच्याशी पाट लागला. हितं आल्यावर सासूनं सांडशीत बिब्बा धरला, तापवला अन् नावावर फिरवला. आठ दिस हात उचलंना. हे दारात हुबं हुते. रडत हुते. सासू गेल्यावर मला म्हणाले, आता गेलं ते. आपुन ह्ये कुणापाशी काढायचं न्हाय. पोरांपाशीबी न्हाय.” त्यांनी टरफलं बाजूला सारली. “त्यांनी कवा काढलं न्हाय. मीबी न्हाय.”

“मग ते बोलायचे का थांबले?” मी विचारलं. “त्यांना तर सगळं माहीत होतं.”

“नाव हाय ह्येचं त्यास्नी कायबी वाटलं न्हाय.” पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. “मी हात पुढं करून जगाला दावलं, ह्येचं वाटलं. आमचं दोघांचं ठरलंतं. म्या मोडलं, असं झालं.”

लिंबावर कावळा बसला होता, तो उडून गेला.

“पण तुम्ही मोडलं नव्हतं. तुम्ही सोपानला खरं का नाही सांगितलं? मला का वाचवलंत?”

“तुला?” त्यांनी शेंग हातात तशीच धरली. “तुला कशापायी वाचवू बाबा. सोपानावर मागं एकाचं डोकं फोडल्यापायी केस झालीती. दोन वर्सं तालुक्याला हेलपाटे घातले. त्या दिशी त्याच्या डोळ्यांत तेच दिसलं मला. तू खोटं बोललास हे त्याला कळतं तर त्यो सरळ तुझ्या दुकानात आला असता, अन् तितनं जेलात. म्हणून म्हटलं, व्हय, मीच म्हटलं काढ. माझ्या पोरापायी म्हटलं.”

“तात्यांना तरी सांगायचं.”

“सांगितलं की. दुसऱ्याच दिशी, समदी शेतावर गेल्यावर, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. म्हणाले, पोराला खोटं सांगतीस, मला खरं कशावरनं सांगतीस?” त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “त्यावर मी काय बोलणार. मग त्यांनी खाट नेली.”

मी पिशवीतून फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला. मूळ पुसून टाकलाय, आता ही एकच प्रत आहे, असं म्हणालो. त्यांनी हात लुगड्याला पुसले आणि फोटो उचलला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि बघताना उजव्या हाताचा अंगठा डाव्या हातावरच्या चट्ट्यावरून फिरत राहिला.

“सरळ लिवलंय की,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं वाकडं हाय.”

मग त्यांनी फोटो माझ्याकडे परत दिला. “घेऊन जा. हितं ठिवायला जागा न्हाय.”

“मी काय करू, ते सांगा,” मी म्हणालो. “तुम्ही म्हणाल ते करतो.”

“आता काय करणार तू,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात फटफटीचा आवाज आला आणि त्या सूप घेऊन आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत.

सोपाननं मला ओळखलं. मी फोटो पिशवीत सरकवून उठून उभा राहिलो. तो गाडी लावून जवळ आला, आणि क्षणभर मला वाटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते.

“बसा की साहेब, उठलात का,” तो म्हणाला. “आईला भेटायला आलावता? बरं केलं. तिच्याशी कुणी बोलत न्हाय हल्ली गावात.”

मी गाडी पकडायची आहे म्हणालो. फाटा तीन किलोमीटर होता. त्यानं फटफटी वळवून घेतली आणि मला मागे बसायला सांगितलं. वाटेत दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती. मग तो मान थोडी मागे वळवून बोलला.

“त्या दिशी दुकानात मी तुमच्यावर संशय घेतला. बाईमाणसापुढं तसं इचारायला नगं हुतं. मागनं लई वाईट वाटलं मला. चूक आमच्या म्हातारीची. तुमचा काय दोष.”

त्यानं गाडी हळू चालवली होती, खड्डे चुकवत. फाट्यापर्यंत दहा मिनिटं सहज होती. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. त्याची आई जिवंत होती, ती त्याच्याच घरात राहत होती, आणि तो तिला चुकीचं समजत होता. एवढं सगळं मला त्या वेळी स्वच्छ कळत होतं. पुढे चौदा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तिच्या पोराला जपण्यासाठी मी गप्प बसलो, तिचीच तशी इच्छा होती. पण त्या दुपारी तिनं मला गप्प राहायला सांगितलं नव्हतं. मी काय करू असं विचारलं तेव्हाही नाही. आणि सोपानच्या पाठीमागे बसून माझ्या मनात जे आलं होतं ते तिच्याबद्दल नव्हतंच. त्याचा माझ्यावर राग नाही, एवढंच आलं होतं.

“नाही, नाही,” मी म्हणालो. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

फाट्यावर त्यानं गाडी थांबवली. मला उतरायला जमेना म्हणून त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मी पाय टेकेपर्यंत छातीशी धरून ठेवली.

“काय हाय यात?” त्यानं सहज विचारलं. “दुमडंल का?”

“काही नाही,” मी म्हणालो. “दुकानाचे कागद आहेत.”

त्यानं पिशवी दोन्ही हातांनी जपून माझ्याकडे दिली.